गॅस गेला कुठे?

गाड्यांच्या एसीच्या धंद्यात एक वाक्य असं आहे की ते उच्चारायला शिक्षण लागत नाही, हत्यारं लागत नाहीत आणि गाडीचं बॉनेटही उघडावं लागत नाही. ते वाक्य म्हणजे, "गॅस कमी झालाय." गिऱ्हाईक लगेच मान डोलावतं. घरातला सिलिंडर संपतो, लायटरमधला गॅस संपतो, तसा हाही संपला असेल असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात एसीतला गॅस वापरला जात नाही. तो तांब्याच्या बंद नळीत गोल फिरत राहतो. नळीला भोक पडलं तरच कमी होतो. भोक नसेल तर गाडी भंगारात जाईपर्यंत तो आहे तेवढाच असतो. हे आम्हा सगळ्या मेकॅनिकना माहीत असतं, आणि तरीही हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा बोललो आहे की झोपेतही बोलतो, असं माझी बायको सांगते.

मी मूळचा अकोल्याकडचा. पुण्यात आलो तेव्हा स्वारगेटच्या मागे सलीमभाईंच्या गॅरेजमध्ये हाताखाली लागलो. त्यांचं घराणं पुण्यात कित्येक पिढ्यांचं. आजोबा टांग्यांचे हूड शिवायचे. सलीमभाईंचा एकच नियम होता. गाडी आली की हत्याराला हात लावायचा नाही, आधी तिच्याभोवती एक फेरी मारायची. "तुमच्यात देवळात प्रदक्षिणा घालतात ना, तशी घालायची," ते म्हणायचे. "देव दिसो न दिसो, गळती दिसते." आता ते गॅरेज मी चालवतो. सलीमभाई घरी असतात आणि शुक्रवारी येऊन खुर्चीवर बसून चुका काढतात.

आधी आमच्याकडे टॅक्सी आणि टुरिस्ट बस यायच्या. अलीकडे मोटरहोम येऊ लागल्या. मोटरहोम म्हणजे घराचं सामान घातलेली व्हॅन: पलंग, ओटा, बेसिन, फ्रिज, पडदे. पुण्यात माणसं निवृत्त झाली की पूर्वी बंगला बांधायची, आता काही जण हे बांधून घेतात. तिच्यात दोन एसी असतात. एक इंजिनावर चालतो, गाडी धावते तेव्हाचा. दुसरा घरातल्यासारखाच, विजेवर चालणारा, गाडी उभी असताना लावायचा. तक्रारी बहुतेक दुसऱ्याच्या असतात.

एसी थंडी तयार करत नाही, हे एकदा नीट समजून घ्यावं. तो हमाल आहे. आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो, बस. हमालाला दोन दारं मोकळी लागतात: आतलं, जिथून ओझं उचलायचं, आणि बाहेरचं, जिथे टाकायचं. नव्वद टक्के तक्रारींमध्ये हमाल धडधाकट असतो आणि कोणीतरी दारात कपाट ठेवलेलं असतं.

कोथरूडच्या एका गृहस्थांच्या गाडीत एसीतून पाणी गळायचं. जाऊन पाहिलं, तर दारं-खिडक्या बंद करून आत कुकर लावलेला. वरणभाताची वाफ जाणार कुठे? ती एसीवर जाऊन पाणी होत होती. मी म्हणालो, "साहेब, हे पाणी तुमच्या कुकरमधलं आहे." ते म्हणाले, "मग ते परत कुकरमध्ये सोडायची काही सोय?" ते खरोखर विचारत होते. इंजिनिअर होते.

दुसऱ्या एका कुटुंबाने एसीच्या तोंडाशी देव्हारा बसवला होता, बाप्पांना वारा लागावा म्हणून. हवा ओढायची जाळी बरोबर बाप्पांच्या मागे. मी जाळी काढली तेव्हा आतून झेंडूच्या पाकळ्या, दूर्वा आणि उदबत्तीची राख निघाली, गादीसारखा थर. मी तो कचऱ्याच्या पिशवीत भरायला लागलो तर आजी ओरडल्या, "अहो, ते निर्माल्य आहे!" मग ते वेगळ्या पिशवीत भरलं. एसीचं निर्माल्य विसर्जित करायला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. नाही म्हणता आलं नाही.

या सगळ्यात हसण्यासारखं बरंच आहे, आणि मी ते सांगत असतो. पण एक काम असं झालं की ते सांगताना मला हसू येत नाही. ऐकणाऱ्यांना येतं.

सदाशिव पेठेतले मेहेंदळेकाका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी मोटरहोम बांधून घेतली ती हौसेसाठी नाही, सुधाकाकूंसाठी. काकूंना मज्जातंतूंचा आजार आहे. एरवी त्या काठी घेऊन चालतात, स्वयंपाकघरात हुकूम सोडतात, शब्दकोडी सोडवतात. पण अंग तापलं की पाय ऐकेनासे होतात आणि डोळ्यांपुढे धुकं येतं. थंडाव्यात आणलं की हळूहळू पुन्हा ठीक. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, उन्हापासून जपा. काकूंचं माहेर अकोल्याजवळच्या एका खेड्यातलं. तिथे त्यांची थोरली बहीण, कुसुमताई, अंथरुणाला खिळली होती. आता फार दिवस नाहीत, असं तिच्या सुनेने एप्रिलमध्ये कळवलं. म्हणजे एक बहीण खाटेवरून उठू शकत नव्हती आणि दुसरी उन्हात जाऊ शकत नव्हती, आणि मध्ये अकोल्याचा मे महिना.

काकांनी सगळं आखलं होतं. दारापासून दारापर्यंत थंड खोली न्यायची. गाडी कुसुमताईंच्या खोलीला खेटून उभी करायची, तिच्या खिडकीसमोर आपली खिडकी आणायची. दोघी बहिणींनी काचेतून एकमेकींना बघायचं आणि मोबाइलवर बोलायचं.

"समोरासमोर बसून मोबाइलवर?" मी विचारलं.

"तुमची पोरं जेवणाच्या टेबलावर हेच करतात," काका म्हणाले.

ते गाडी घेऊन माझ्याकडे आले तेव्हा तक्रार होती की हवा येते पण गार लागत नाही. मी दारातूनच म्हणालो, "गॅस कमी झालाय."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "गेला कुठे?"

"म्हणजे?"

"बंद नळीतला गॅस ना? मग गेला कुठे? दार उघडून, चपला घालून गेला का?"

असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "बघतो." फेरी मारली, आतली जाळी काढली. गाडी नुकतीच सुतारांच्या हातून आली होती. जाळी लाकडाच्या भुशाने गच्च भरलेली. ती धुतली, वाळवली, बसवली आणि गाडीत डिसेंबरच्या पहाटेसारखी गार हवा सुटली. काम तिथे संपलं होतं. पण मी आधी गॅस म्हणून बसलो होतो. जाळी धुतल्याबद्दल मेकॅनिकला कोणी मान देत नाही, आणि एकदा निदान सांगितल्यावर ते मागे घेणं आमच्यात कमीपणाचं समजतात. म्हणून मी सिलिंडर लावून चिमूटभर गॅस आत सोडला. पूजेत अक्षता टाकतात तेवढाच.

"मिळाला का गेलेला गॅस?" काकांनी विचारलं.

"हो, थोडा कमी होता."

"बरं," ते म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नव्हता हे मला दिसलं, आणि त्यांनी तो बसल्यासारखं केलं हेही दिसलं. ते मला जास्त लागलं.

मग म्हणाले, "तुम्ही तिकडचे ना, वानखडे? मग चला बरोबर. तिथे हे बंद पडलं तर मी कोणाच्या नावाने ओरडू?"

मी तयार झालो. खरं म्हणजे मला तो चिमूटभर गॅस टोचत होता. वाटलं, बरोबर राहिलो की फेडलं जाईल. सिलिंडर मी पुण्यातच ठेवला, कारण उन्हाळ्यात बंद गाडीत, आजारी माणसाजवळ तो ठेवणं बरं नाही. दाब मोजायचा गेज, पाने, नळ्या घेतल्या. गाडी मी चालवली. काका शेजारी बसून रस्त्यातल्या प्रत्येक पाटीचं शुद्धलेखन तपासत होते. काकू मागे पलंगावर. नगर मागे पडल्यापासून त्यांच्या बोलण्यात एकेक शब्द वऱ्हाडी होऊ लागला. काकांनी दोनदा मागे वळून पाहिलं.

सकाळी पोचलो. काकांच्या आराखड्याप्रमाणे गाडी लागली. घरातून जाड वायर घेतली, स्टॅबिलायझर लावला, एसी सुरू झाला. आत सुखद गारवा. कुसुमताईंची खाट खिडकीशीच होती. त्या उशीवर टेकलेल्या, चिमणीएवढ्या, पण नजर तल्लख. त्यांच्या खोलीच्या दुसऱ्या भिंतीला लोखंडी कूलर धडधडत होता, अकोल्याकडे घरोघरी असतो तसा, गवताच्या जाळ्यांवर पाणी सोडणारा. वंदनाने, म्हणजे त्यांच्या सुनेने, त्यांच्या कानाला मोबाइल लावला. काकूंनी इकडून आपला लावला. पहिली काही मिनिटं दोघी फक्त "हॅलो, हॅलो" म्हणत होत्या. दिसत होतं, तरी.

मग कुसुमताई म्हणाल्या, "सुधे, कायले एवढा मोठा डबा आणला?"

"तुझ्यासाठी आणला, ताई."

"मंग मले दे ना त्याची चावी."

काकू हसल्या आणि लगेच रडायला लागल्या. काकांनी खिडकीच्या पडद्याची दोरी विनाकारण सारखी केली.

ऊन चढू लागलं तशी वंदना आणि तिचा नवरा गोणपाटाची पोती घेऊन आले. गाडीच्या ज्या बाजूला ऊन येणार होतं, तिकडे टपापासून खालपर्यंत पोती लटकवली आणि त्यांवर बादलीने पाणी मारलं. आमच्याकडे उन्हाळ्यात हेच करतात. माझी आई दारावर असंच पोतं टांगायची आणि दुपारभर त्यावर पाणी शिंपडायची. त्या ओल्या तागाच्या वासात आम्ही झोपायचो. मी दुरूनच म्हणालो, "वा वैनी, हे बाकी झकास केलं." ती खूश झाली. पुण्याच्या पाहुण्याने कौतुक केलं होतं.

दुपार झाली आणि एसी थांबला. पुन्हा सुरू झाला, धापा टाकल्यासारखा चालला, पुन्हा थांबला. आत ऊब दाटायला लागली.

या गाडीत एसीचा बाहेरचा डबा मागच्या पलंगाखाली, एका कप्प्यात बसवलेला आहे. उजव्या बाजूला छोटं दार, तिथून मेकॅनिकचा हात आत जातो. मी उजवीकडे, सावलीत बसलो, दार उघडलं, गेज लावला. दाब प्रमाणाबाहेर चढलेला. गॅस जादा झाला की असाच चढतो. मला समजलं की हे माझ्या त्या चिमटीचं फळ आहे. खोटं बोलून घातलेला गॅस बरोबर इथे, या बाईच्या बहिणीच्या खिडकीसमोर, वर आला.

चिमूटभर गॅसने एवढा दाब चढत नाही. हे मला माहीत होतं. कोणी दुसऱ्याने विचारलं असतं तर मी त्याला हसून तेच सांगितलं असतं. पण पापाचं वजन आणि गॅसचं वजन एकाच तराजूत घातलं की काटा भलतंच दाखवतो.

मी उठून काकांसमोर उभा राहिलो. "काका, माझ्या हातून चूक झाली आहे. पुण्यात गॅस कमी नव्हता. मी उगीच घातला. खोटं बोललो."

काका एका हाताने काकूंना पुठ्ठ्याने वारा घालत होते. "माहीत आहे," ते म्हणाले. "आत्ता किती वेळ लागेल ते सांगा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अहो वानखडे, इथे पुठ्ठा धरा नाहीतर गाडी दुरुस्त करा. कबुलीजबाब नंतर घेतो."

मी जाऊन गॅस सोडला. तो हवेत सोडू नये, हेही मला माहीत आहे. थोडा सोडला, काटा उतरला, एसी चालू झाला. माझं निदान खरं ठरलं म्हणून मला बरं वाटलं. थोड्या वेळाने पुन्हा बंद. मी आणखी सोडला. पुन्हा चालला, पुन्हा बंद. आणखी. प्रत्येक वेळी फुस्स आवाज व्हायचा आणि मला हलकं वाटायचं. पश्चात्तापात हा एक धोका आहे: चांगलं वाटतं म्हणून माणूस थांबत नाही.

आत काकूंना खिडकीतलं दिसेनासं झालं होतं. "ताई, तू हललीस का?" त्या मोबाइलवर विचारत होत्या. "मला फक्त तुझ्या लुगड्याचा रंग दिसतोय." पलीकडून कुसुमताई म्हणत होत्या, "मी हाय इथंच. मी कुठं जाऊ?" काकूंनी पाय खाली सोडायचा प्रयत्न केला, पाऊल सरकलं नाही. काका मला काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात वंदना बादली घेऊन पोत्यांवर पाणी मारायला आली. गाडीच्या पलीकडच्या बाजूने तिचा आवाज आला.

"भाऊ, एक विचारू का? हे बाकीचे पोते ओलेच राह्यतेत. हे मागचं एकच काऊन वायते एवढ्या लवकर? आत्ताच पाणी मारलं व्हतं."

वायते म्हणजे वाळते. मी हातातला पाना खाली ठेवला आणि पुण्याहून निघाल्यापासून पहिल्यांदा त्या गाडीला फेरी मारली.

मागच्या डाव्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, एक पोतं गाडीला चिकटून लटकत होतं. त्याच्यामागे हातभर लांबीची लोखंडी जाळी होती. एसीची गरम हवा त्या जाळीतून बाहेर पडते. पोत्याला हात लावला तर तव्यावर ठेवल्यासारखा चटका बसला. हमालाने पाठीवर आणलेलं सगळं ओझं त्या तागावर आपटत होतं आणि उलटून त्याच्याच अंगावर पडत होतं. त्याने धापा टाकल्या नसत्या तर नवल.

ती पोती लटकताना मी पाहिली होती. मेकॅनिकच्या डोळ्यांनी पाहिली असती तर तेव्हाच दिसलं असतं. मी आईच्या मुलाच्या डोळ्यांनी पाहिली. आणि नंतर चूक कोणाची हे आधीच ठरवून बसलो, म्हणून त्या बाजूला गेलोच नाही. पुण्यात गाडीकडे न बघता गॅस कमी म्हणालो होतो. इथे गाडीकडे न बघता गॅस जास्त म्हणालो.

पोतं काढलं. एसी लगेच सुरू झाला आणि न थांबता चालला. वंदना कासावीस झाली. "माह्यामुळं झालं का जी?"

"नाही," मी म्हणालो. "तुमच्यामुळे सापडलं."

मी आत जाऊन हात धरला. हवा येत होती. गार नव्हती.

"आता काय?" काकांनी विचारलं.

मला उत्तर माहीत होतं आणि ते उच्चारायचं नव्हतं. "गॅस कमी झालाय," मी म्हणालो.

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "गेला कुठे?"

"मी सोडला."

काकांनी डोळे मिटले, आणि उघडले. इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा खरं बोललो होतो.

अकोल्यातल्या एका ओळखीच्या दुकानदाराला फोन केला. तो झोपेतून म्हणाला, "गॅस हाय, पण भाऊ, मे महिन्यात दुपारी दुकान उघडणारा माणूस तुम्हाले अकोल्यात भेटला का कधी? ऊन उतरल्यावर या."

काकूंनी विचारलं, "किती वेळ लागेल भाऊ?"

"संध्याकाळ होईल काकू."

खिडकीपलीकडे कुसुमताईंनी मान तिरकी करून फोनवर म्हटलं, "सुधे, अवं इकडं ये ना! कूलर हाय ना माह्यापाशी."

"सुधा, अजिबात नाही," काका म्हणाले. "खोलीपर्यंत ऊन आहे. आणि कूलरची हवा दमट असते. आपण पुण्यात ठरवलंय—"

"तुम्ही ठरवलंय," काकू म्हणाल्या. मग खिडकीकडे, त्यांना न दिसणाऱ्या बहिणीकडे तोंड करून म्हणाल्या, "येतो व ताई."

वंदनाने तेच वाळलेलं पोतं बादलीत बुचकळून काढलं आणि काकूंच्या खांद्यांवर, चांगल्या इरकल साडीवर, घातलं. त्यातून पाणी आणि तुरीची टरफलं निथळत होती. एका बाजूने मी, एका बाजूने काका. काकूंचे पाय जमिनीवर ओढत जात होते. अंतर दहा पावलांचं असेल-नसेल. पण उन्हाची झळ तोंडावर बसली तेव्हा काका मला म्हणाले, "हिला काही झालं तर, वानखडे," आणि वाक्य तिथेच सोडलं. ते पुरं केलं नाही याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

खाटेच्या कडेला काकूंना बसवलं, मग आडवं केलं. कूलरचं तोंड दोघींकडे फिरवलं. वंदनाने ओला पंचा काकूंच्या मानेवर ठेवला. कुसुमताईंनी चाचपत चाचपत हात आणला आणि काकूंचं मनगट धरलं.

"एवढा मोठा डबा आणला पुण्याहून," त्या म्हणाल्या, "अन् बसली शेवटी माह्या कूलरपाशी."

"एसी बिघडला."

"बिघडणारच. मशीनले का माणसं कळतेत?" मग म्हणाल्या, "तुझे हात काऊन आईसारखे झाले व?"

यापुढचं मी ऐकलं नाही. आम्ही दोघं बाहेर आलो आणि गाडीत जाऊन बसलो, जिथे एसी चालू होता आणि उकडत होतं. काका खिडकीतून पलीकडे बघत होते. काचेतून आवाज येत नव्हता, पण दोघींचे ओठ हलत होते. मध्येच काकू हसताना दिसल्या. मध्येच कुसुमताई रागावल्या, कशावरून कोण जाणे, बहुधा साठ वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी लोणच्यावरून. मग दोघी गप्प झाल्या. मग दोघी झोपल्या, हात न सोडता.

"दिसत असेल का तिला आता?" काकांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. यावर अंदाजाने बोलायची माझी हिंमत नव्हती.

संध्याकाळी मी अकोल्याहून गॅस आणला आणि मोजून, जेवढा हवा तेवढाच भरला. काका शेजारी उभे राहून गेज बघत होते. काकूंना खुर्चीवर बसवून, खुर्चीसकट उचलून गाडीत आणलं. थकलेल्या होत्या. रात्रीतून पाय पुन्हा ऐकू लागले, सकाळी डोळे निवळले. आम्ही आणखी दोन दिवस राहिलो. एसी उत्तम चालला. काकूंनी तो फक्त झोपायला वापरला. दिवसभर त्या कूलरपाशी.

पावसाळा सुरू झाल्यावर काका गॅरेजमध्ये आले. कुसुमताई गेल्याचं सांगितलं. काकूंना जाता आलं नाही, तब्येत बरी नव्हती. मी खुर्ची दिली, चहा मागवला. शुक्रवार होता, सलीमभाई त्यांच्या खुर्चीवर होते, त्यांनी दोन्ही हात जोडले.

काकांनी चहा संपवला. मग बाहेर पावसाकडे बघत म्हणाले, "सुधा म्हणते, त्या दिवशी एसी चालला असता तर ती तीन दिवस काचेतूनच बोलत बसली असती."

मी त्यांचा रिकामा कप उचलला.

काका माझ्याकडे वळले. "अहो वानखडे, तुमचा चेहरा असा हलका होऊ देऊ नका. ते वाक्य तुमच्यासाठी नाही. तुम्ही काहीही चांगलं केलेलं नाही."

"नाही काका."

"नाहीतर ते गिऱ्हाइकांना सांगत सुटाल."

"कोणालाही सांगणार नाही," मी म्हणालो.

शब्द दिला होता, आणि आता हे छापून येतं आहे. म्हणजे तेही एक खोटं झालंच. मेहेंदळेकाका दिवाळी अंक विकत घेत नाहीत, वाचनालयातून आणतात, आणि यादीत त्यांचा नंबर येईपर्यंत निदान संक्रांत उजाडते. तोवर मला वेळ आहे. त्यांची गाडी त्याआधी सर्व्हिसिंगला येणार आहे. आली की आधी फेरी मारीन, मग बोलीन.